धुरपताचा उजवा हात

फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. पर्समध्ये मोबाइल थरथरत होता, पण पोरांसमोर मी फोन घेत नाही. प्रार्थना, सुविचार, पाढे सगळं संपल्यावर पाहिलं, तर धुरपताच्या लेकीचे, संगीताचे तीन मिस्ड कॉल. तीन कॉल पाहिल्यावर काय ते कळलंच. तरी मी वऱ्हांड्यात जाऊन फोन लावला. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलली. चार दिवसांपूर्वी मी नांदेडला दवाखान्यात तिला भेटून आले होते. ताप होता, छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले होते की इतक्या वर्षांच्या संधिवातानं फुप्फुसंही कमजोर झाली आहेत. तोंडावर मास्क होता, पण मला पाहताच तिनं तो बाजूला केला आणि दटावल्यासारखी म्हणाली, "आज कोणता वार हाय? शाळा सोडून काहून आलीस?" मी म्हटलं, "रजा टाकलीय." तर म्हणाली, "रजा साठवून ठिव. पुढं लागंल." ती रजा मी तिच्या दहाव्याला वापरली.

शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव द्रौपदी परसराम राठोड. तांड्यावर ती धुरपता. नव्वद सालाच्या आसपास मी वसमतहून बदली होऊन डोंगरकड्याजवळच्या त्या शाळेत आले, तेव्हा ती तिथं पाच-सहा वर्षं जुनी होती. आमचं घर वसमतच्या मोंढ्याजवळ, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत. खेड्यातल्या शाळेची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी बस चुकली, मी अकरा वाजता घामाघूम पोचले. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडं पाहिलं. ही कोपऱ्यातून म्हणाली, "सर, ह्या बाईंचा वर्ग मी घेतलाय. पोरं गणितं सोडवून राहिलीत." ओळख ना पाळख... मला तेव्हाच कळलं की इथं आपलं निभेल. तांडा शाळेपासून पाऊण तास चालीवर. डी.एड. झालेली तिथली ती पहिली मुलगी. तिची आई, जिला ती याडी म्हणायची, कधीमधी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची कशिदा केलेली ओढणी. आत यायची नाही. लेक फळ्यावर लिहीत असली की नुसती बघायची आणि निघून जायची. बघण्यासारखंच होतं ते. धुरपताचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची ओळ तसूभरही खालीवर व्हायची नाही.

आजार कधी सुरू झाला ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. संगीता जन्मली त्यानंतर बोटं सकाळी आखडायची, ऊन वर आलं की मोकळी व्हायची. तिला वाटलं थंडीनं होत असेल. मग मनगटं सुजली. मग कोपरं. नांदेडच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या, त्यानं पोट बिघडायचं पण सूज उतरायची. माझ्या बदलीनंतर दोन-तीन वर्षांतच तिचा डावा हात कोपरात अर्धा वाकलेला असा कायमचा अडकला, आणि उजवा जेमतेम इतका वाकायचा की टेबलावरचं पुस्तक धरता यावं. त्यापुढं नेला की डोळ्यात पाणी यायचं. फळ्यावर ती पोरांना लिहायला लावू लागली. "चला, आज तुमी बाई अन् मी पोरगी," असं म्हणून ती पहिल्या बाकावर बसायची. पोरांना तो खेळ वाटायचा. मलाही कितीतरी दिवस तो खेळच वाटला.

खरा प्रकार मला कळला तो डब्यामुळं. मधल्या सुट्टीत ती कधी वह्या तपासायची, कधी तांड्यावरची कोणी आली म्हणून फाटकाशी जायची, कधी उपास सांगायची. एकदा तिची पिशवी माझ्या हातून पडली तर आतला डबा उघडला, सकाळी भरला होता तसाच भरलेला. चार वाजले होते. मी म्हटलं, "हे काय गं?" तिनं डबा उचलून झाकण लावलं. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "हात तोंडापत्तर जात न्हाई, मालती. घरी हे भरवतेत. इथं पोरांसमोर कोण भरवणार?"

म्हणजे ती सकाळी नऊला नवऱ्याच्या हातचे चार घास खाऊन निघायची आणि संध्याकाळी सहाला घरी जाऊन पाचवा घास खायची. कित्येक महिने. माझ्या शेजारी बसून.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी नकाशे आणि तांदळाची पोती ठेवायच्या खोलीत जेवायला लागलो. आतून कडी लावायची. पोत्यावर ती, समोर खुर्चीवर मी. एक घास तिला, एक मला. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून तोंड उघडलं होतं, लहान लेकरू औषध घेताना मिटतं तसे. पुढं सवय झाली. भाकरी तिच्या डब्यातली, भाजी बहुतेक माझी, कारण तिच्याकडं डबा परसरामभाऊ करायचे आणि त्यांना एक बेसनच यायचं. माणूस मात्र सोन्यासारखा. तिची वेणीदेखील तेच घालायचे. अंगणात, सगळ्यांदेखत. तांड्यावरच्या बाया हसायच्या, पुरुष तर जास्तच. एकदा कोणीतरी म्हणालं, "परसराम, आता लुगडं नेस." ते वेणी घालता घालता म्हणाले, "नेसतो की. आधी हिचा भांग सरळ येऊ दे." ही गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगायची आणि दर वेळी सांगताना हसायची. पण त्याच काळात मुख्याध्यापक तिला हळूच सुचवू लागले होते की राठोडबाई, फळ्यावर लिहिता येत नसेल तर वैद्यकीय कारणावरून नोकरी सोडण्याचा अर्ज करता येतो. ते ऐकून आल्या दिवशी मात्र ती हसली नाही.

कोपराचा सांधा बदलता येतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गुडघ्याचं ऐकलं होतं, तेही मोठ्या शहरांतल्या लोकांचं. नांदेडच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. परसरामभाऊंना मराठी बोलता यायचं पण डॉक्टरांचं कळायचं नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बरोबर गेले. मला त्या डॉक्टरांची खोली आजही डोळ्यांपुढं दिसते. टेबलावर एक धातूचा तुकडा होता, दोन दांड्या आणि मध्ये दाराला असते तशी बिजागरी. ते म्हणाले, "ही एक दांडी दंडाच्या हाडात बसेल, ही पुढच्या हाडात. दुखणं जाईल, हात वाकेल. पण दोन गोष्टी नीट ऐका. हा सांधा कष्टाच्या कामासाठी नाही. भरलेला तांब्या उचलाल, त्याहून जास्त वजन उचलायचं नाही. आज नाही, पाच वर्षांनी नाही, कधीच नाही. आणि हा जन्मभर टिकेल असं मी म्हणत नाही. दहा वर्षं टिकेल, जास्त टिकेल, कमीही टिकेल."

मी घाबरले. इतकी चिरफाड, परकं गाव, आणि शेवटी दहा वर्षं? मी तिच्या कानात म्हटलं, "आपण विचार करून सांगू." तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. डॉक्टरांना एकच विचारलं.

"घास तोंडापत्तर जाईल का?"

"जाईल."

"मंग करा."

ऑपरेशननंतर महिना-सव्वा महिन्यानं मी तांड्यावर गेले. शाळा सुरू व्हायला आठवडा होता. हाताला मागच्या बाजूनं लांब व्रण, कोपर जरा मोठं दिसत होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. हळूहळू येईल म्हणाले होते, पण ती बोटं पुढं जन्मभर तशीच राहिली. मी घरून भाकरी आणि मेथीची भाजी नेली होती. परसरामभाऊंनी ताट वाढलं आणि सवयीनं मी घास केला, तर तिनं मान मागं घेतली. "ठिव खाली." भाकरी तिच्या बोटांना मोडेना, ती मी कुस्करून दिली. मग तिनं तीन बोटांनी घास धरला. हात हळू वर यायला लागला... छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. परसरामभाऊ दारात पाठमोरे उभे राहिले, बघवेना त्यांना. घास तोंडात गेला. ती चावत राहिली, गिळला, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी रडायच्या बेतात होते, हसायलाच लागले. ती मात्र गंभीर. "खरंच. तुझ्या भाजीत मीठ कमीच असतंय, मालती. दोन वरसं झाले खाऊन राहिले."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"दुसऱ्याच्या हातानं खाणाऱ्यानं चवीचं काय बोलावं?"

त्या एका वाक्यानं मला जे कळलं, ते दोन वर्षं तिला भरवूनही कळलं नव्हतं.

पुढची दहा-अकरा वर्षं ती त्या हाताच्या जोरावर जगली. परसरामभाऊंचं वेणी घालणं सुटलं. फळ्यावर ती पुन्हा लिहू लागली. अक्षर पूर्वीचं राहिलं नाही, फळ्याच्या वरच्या भागाला हात पुरायचा नाही, म्हणून खालच्या अर्ध्यात लिहायची. मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून वाचायची. मुख्याध्यापकांनी पुन्हा अर्जाचं नाव काढलं नाही. जिल्हा वेगळा होऊन हिंगोलीला कचेऱ्या आल्या, तेव्हा तिकडच्या प्रशिक्षणांना आम्ही दोघी एकाच बसनं जायचो आणि तिची पिशवी माझ्या खांद्यावर असायची. बधिर करंगळीनं तिला एकदा फसवलंही. तव्याला चिकटलेली तिला कळलीच नाही, वास आल्यावर कळली. तेव्हापासून ती काहीही धरताना करंगळी वर उचलून धरायची. नवीन आलेल्या शिक्षिकांना तो नखरा वाटायचा. "राठोडबाई फार नाजूक चहा पितात," एक म्हणाली होती. धुरपतानं करंगळी आणखी वर केली.

त्या सगळ्या वर्षांत मी मात्र तिची पोलीस झाले होते. डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की तिनं बादलीकडं नुसतं पाहिलं तरी मी ओरडायची. हजेरीपटांचा गठ्ठा, पाण्याची घागर, पिठाचा डबा... "तांब्या, धुरपता, तांब्या!" असं मी म्हणायची आणि ती हात वर करून शरण आल्यासारखं करायची. संगीताला लेक झाली, कोमल. संगीता बाळंतपणाला माहेरी आली ती पुढं वर्षभर तिथंच राहिली. मी बाळ बघायला गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर संगीताला बजावलं, "आईच्या हातात लेकरू द्यायचं नाही. मांडीवर दे, पाळण्यापाशी बसू दे, पण उचलू द्यायचं नाही. सांधा निसटला तर पुन्हा पहिल्यासारखं होईल." संगीता समजूतदार, तिनं मान डोलावली. याडी तेव्हा खूप थकली होती, कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणते? धुरपता म्हणाली, "काही न्हाई. म्हणती, ही बाई कोण लागती आपली?" आणि हसली. मीही हसले. तांड्यावरच्या बाया पुढं बोलायच्याही की राठोडीण नातीला कडेवर घेत नाही, मास्तरीण झाली म्हणून. ती ऐकून घ्यायची.

कोमल सव्वा-दीड वर्षाची झाली असेल, तेव्हा धुरपताचा दंड दुखायला लागला. आधी ती लपवत होती. मग फळ्यावर लिहिताना खडू गळून पडायला लागला. संगीताला बरोबर घेऊन आम्ही नांदेडला गेलो, एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि दांडीच्या कडेनं एक काळी रेघ दाखवली. सांधा आत सैल झाला होता. त्यांनी विचारलं, "काही जड उचललं होतं का?"

"न्हाई," धुरपता म्हणाली.

"कधीच नाही हो," मीही म्हटलं. "मी साक्षीदार आहे."

बाहेर आल्यावर संगीता औषधं आणायला गेली. आम्ही दोघी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. धुरपतानं कप उचलला नाही. रस्त्याकडं बघत म्हणाली, "मालती, मी उचललं."

"काय उचललं?"

"कोमलला. रोज."

ती हळूहळू सांगत गेली. शाळेला निघण्याआधी, सकाळी, संगीता धुणं घेऊन जायची, परसरामभाऊ रानात. याडीला दिसायचं नाही नीट. तेवढ्या वेळात ती पाळण्याशी जायची. डावा हात अर्धा वाकलेला होताच, त्याच्यात बाळ बरोबर मावायचं. उजव्या हातानं खालून उचलायचं आणि डाव्यात ठेवायचं. मग घरातल्या घरात चार फेऱ्या. दारापर्यंत, चुलीपर्यंत, पुन्हा दारापर्यंत. चाहूल लागली की खाली ठेवायचं.

"किती दिवस?"

"ती चालाया लागेस्तोर."

"आणि दुखायचं नाही?"

"उचलताना न्हाई दुखायचं," ती म्हणाली. "खाली ठिवल्यावर दुखायचं."

मी चिडले. खरंच चिडले. इतकी वर्षं जपलं, मी घागरीला हात लावू दिला नाही, पोरांच्या वह्या वाहिल्या, आणि हिनं... मी म्हटलं, "निदान मला सांगायचं होतंस." ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू उचलू दिलं असतंस का?" नसतंच दिलं. डॉक्टरांच्या हिशेबानं मीच बरोबर होते, आजही वाटतं बरोबर होते. पण पंधरा वर्षांच्या मैत्रीत तिला माझ्यापासून एकच गोष्ट चोरून करावी लागली आणि ती म्हणजे स्वतःच्या नातीला कडेवर घेणं, हे माझ्या मनातून जात नाही. संगीता येताना दिसली तसं तिनं कप उचलला आणि करंगळी वर करून चहा प्यायली.

दुसरं ऑपरेशन पुण्यातच झालं, त्याच डॉक्टरांकडं. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. ती आत असताना मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं होतं की लेकराला उचलल्यानं हे झालं का? त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "बाई, ज्यांनी कधीच काही उचललं नाही त्यांचेही सैल होतात. हाडच कमजोर असतं. आणि जे उचलतात त्यांचे लवकर होतात, हेही खरं. ह्यांचं कशानं झालं ते मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही." मी ते तिला सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "कशानं का होईना. चालतंय." खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून दंडात भरला होता, त्यामुळं या वेळी हात आणि चाल दोन्ही सावरायला बरेच महिने गेले. शिकवायला ती परत आली नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशी पोरांनी फळ्यावर, वरच्या टोकाला, बाकावर चढून तिचं नाव लिहिलं होतं. तिनं ते खालून वाचलं आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली.

नंतरची चार-पाच वर्षं ती तांड्यावरच होती. परसरामभाऊ तिच्या आधी गेले. मी रविवारी जायची. संगीता तोवर नवऱ्यासह तिथंच राहायला आली होती. याडीसुद्धा गेली. घर हळूहळू रिकामं होत गेलं तसतशी कोमल त्या घरभर झाली.

परवा, महिना झाल्यावर, मी पुन्हा गेले. संगीतानं जेवायला थांबवलं. तिघींची ताटं एका ओळीत मांडली. कोमल आता सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. ती माझ्या शेजारी बसली. पहिला घास घेताना पाहिलं तर तिनं हात फारसा उचललाच नाही. घास हनुवटीच्या खाली येऊन थांबला आणि मान पुढं वाकून घासापर्यंत गेली. दुसरा घास, पुन्हा तसंच. संगीतानं तिच्या पाठीवर हलकी चापट मारली, "सरळ बस. लहान बाळ हायेस का?"

दुसऱ्या ऑपरेशननंतर धुरपताचा हात हनुवटीपर्यंतच यायचा, वरची चार बोटं जागा मानेनं भरून काढावी लागायची. आम्हा मोठ्यांना ते बघून कसंसंच व्हायचं, म्हणून आम्ही जेवताना तिच्याकडं बघायचं टाळायचो. कोमल मात्र रोज तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि बघायची. जेवणं तिनं तिथंच पाहिलं, तिथंच शिकली.

"सरळच बसले की," कोमल म्हणाली. "आजीनं असंच शिकवलंय."

संगीताचा हात पुन्हा उचलला गेला तो तसाच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे गं." आम्ही दोघी ताटावर हात ठेवून बसलो होतो, आणि ती पोरगी मान वाकवून, एकेक घास, सावकाश जेवत होती.